वरच्या बाणाची कळ

स्मृतिकेंद्रात घाई असली की देवयानी आज्ञा नव्याने टाइप करत नसे. वरच्या बाणाची कळ दाबली की मागचीच आज्ञा पडद्यावर येई. तीत माणसाचं नाव आणि पुसायची गोष्ट बदलायची, एंटर मारायचं. सकाळी एका घटस्फोटितेच्या डोक्यातून तिने 'नवरा' पुसला होता.

आता खुर्चीत सुमित्रा मोकाशी होत्या. त्यांना पालींची भीती काढून हवी होती. शेजारी त्यांचे यजमान दिनकरराव उभे होते.

"पालींबरोबर ह्यांचं घोरणंही जाईल का हो?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"सदतीस वर्षं पाली हिला घाबरवतायत, आणि ही मला," दिनकरराव म्हणाले.

देवयानीला हसू आलं. हसत हसतच तिने बाण दाबला, नाव बदललं आणि एंटर मारलं. पुसायची गोष्ट बदलायची राहिली होती.

पुसलेलं परत आणणारी आज्ञा अजून कुणी लिहिलेली नव्हती. तरी ती शोधत राहिली.

सुमित्राबाईंनी डोळे उघडले. शेजारी एक गृहस्थ ताटकळत उभे होते. बाजूच्या खुर्चीवरची पर्स उचलून त्यांनी मांडीवर घेतली.

"बसा ना," त्या म्हणाल्या, "माझ्याबरोबर कुणी नाहीये."