हौद्यातला ओटिस

आजोबांच्या जुन्या पिकअपमध्ये बसलं की फुस्स आवाज व्हायचा. "ओटिस, लाज बाळग!" म्हणत आजोबा काच खाली करायचे आणि कुत्र्याला मागच्या हौद्यात पाठवायचे, नेब्रास्काच्या थंडीतसुद्धा. "पण वास कुठे येतोय?" मी विचारायचो. "लबाड आहे तो, वाससुद्धा लपवतो." यंदा ओटिस म्हातारपणाने गेला. त्याला पुरून आम्ही गाडीत बसलो. फुस्स. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नाही," मी म्हणालो. घरी येऊन मी आजोबांची सीट उसवली. कंबरेला आधार देणारी हवेची पिशवी शिवणीपाशी गळत होती. मी सायकलच्या ट्यूबचं ठिगळ चिकटवलं, हवा भरली. "झालं, आजोबा. बसून बघा." ते बसले. आवाज आला नाही. मग त्यांनी उसवलेल्या सीटमध्ये हात घालून ठिगळ ओढून काढलं. फुस्स. काच खाली करून ते रिकाम्या हौद्याकडे वळून म्हणाले, "मीच होतो रे."