तीन आकडे तुझे, तीन माझे

तिजोरीवर लाल दिवा लागला आणि विझला. दार काही उघडलं नाही.

"परत करू," बाबा म्हणाले. "तू पाठ फिरव."

मुलीनं पाठ फिरवली. बाबांनी आपले तीन आकडे दाबले आणि खिडकीकडे तोंड केलं. मग मुलीनं तिचे तीन दाबले. पुन्हा लाल.

ही पद्धत बाबांचीच. बँकेची लॉकरखोली त्यांनी एकतीस वर्षं सांभाळली. तिथे दोघांनी आपापली किल्ली लावल्याशिवाय दार उघडत नसे, आणि एक लावत असताना दुसऱ्यानं बघायचं नाही, हा बाबांचा कडक नियम. निवृत्तीनंतरही ती खोड गेली नव्हती. काल हॉटेलात उतरल्यापासून त्यांचा जीव टांगणीला होता. काउंटरवर खोलीचा नंबर मोठ्यानं बोलू दिला नाही. तळमजल्यावरची खोली नाकारली. कडी लावून वर दाराला खुर्ची टेकवली. मुलीच्या पदव्यांची मूळ प्रमाणपत्रं कपाटातल्या तिजोरीत ठेवली आणि सहा आकड्यांचं कुलूप जुळवलं. पहिले तीन त्यांचे, शेवटचे तीन तिचे. एकमेकांना सांगायचे नाहीत. मुलीनं कपाळाला हात लावला, पण ऐकलं.

आता साडेआठ वाजले होते. मुलाखत दहाला, आणि ते ऑफिस अर्ध्या तासाच्या वाटेवर. मूळ कागद नसतील तर आत घेणार नाही, असं पत्रात ठळक लिहिलं होतं. नोकरी लागली तर ती तीन वर्षं परदेशी राहणार होती.

बाबांना दरदरून घाम फुटला. या वर्षात ते दोनदा गॅस बंद करायला विसरले होते आणि एकदा स्वतःच्याच गल्लीत चुकले होते. मुलीला त्यांनी याचा पत्ता लागू दिला नव्हता. कळलं तर ती जायची नाही. आधीच तिचं एकच पालुपद होतं, "मी गेल्यावर तुमचं कोण बघणार?" त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, "मी काय कुकुलं बाळ आहे?"

तिसऱ्यांदाही लाल दिवा लागला. मग तिजोरी मुकीच झाली, काही दाबलं तरी हूं की चूं नाही.

"माझेच चुकत असतील, बाबा," मुलगी हळूच म्हणाली.

"तुझे कसे चुकतील? तुला पहिलीतल्या मैत्रिणींचे वाढदिवस पाठ आहेत. माझंच डोकं गेलं. चारशे अठरा की चारशे एक्क्याऐंशी? छे, काही सुचत नाही."

ते तसेच अनवाणी खाली धावले. तिजोरी उघडायचं यंत्र हॉटेलच्या मेकॅनिककडे होतं आणि तो दहाला यायचा. धापा टाकत ते वर आले, तेव्हा मुलगी व्हरांड्यातून फोन करून परत येत होती.

"नाही म्हणतात," ती म्हणाली. "उद्याची वेळ द्यायला तयार नाहीत."

बाबा पलंगावर मटकन बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चीजवस्तू जपल्या आणि पोटच्या पोरीचं नशीब कुलपात घालून बसलो, असं वाटून त्यांना रडू आवरेना.

"पोरी, हल्ली मला आठवत नाही गं काही. तुझ्यापासून लपवलं मी. तुझं वाटोळं केलं."

मुलीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तिचेही डोळे भरून आले होते. "असू दे, बाबा. मी कुठेही जात नाही," ती म्हणाली आणि चहा सांगायला खाली गेली.

सव्वादहाला मेकॅनिक आला. त्यानं यंत्राची वायर तिजोरीला जोडली आणि दार उघडलं. फाइल जागच्या जागी होती. बाबांनी ती छातीशी धरली.

"मी किती चुकलो, ते कळेल का?" त्यांनी विचारलं. आपलं डोकं कितपत शाबूत आहे, ते त्यांना एकदाचं बघायचंच होतं.

"कळेल की. दाबलेला प्रत्येक आकडा असतो यात." मेकॅनिक पडद्यावरचं वाचू लागला. "काल कुलूप जुळवलंत ते चारशे अठरा, सातशे छत्तीस."

"चारशे अठराच?" बाबा उठून उभे राहिले. "मग आज सकाळी काय दाबलं मी?"

"सकाळी पहिल्यांदा चारशे अठरा, सातशे पस्तीस," मेकॅनिक म्हणाला. "दुसऱ्यांदा चारशे अठरा, सातशे चौतीस. तिसऱ्यांदा चारशे अठरा, सातशे तेहतीस."