रिकाम्या चॅनेलची रेघ

तार थोरलीच्या हातात होती आणि पडद्यावरची निळी रेघ तरीही चालूच होती.

निळी रेघ म्हणजे पेटीच्या तळाचं तापमान. औषधं गार ठेवायच्या पेट्या बाजारात जाण्याआधी या छोट्या प्रयोगशाळेत तपासायला येत. दोघी बहिणींनी मिळून ती काढलेली. पेटीत वर एक सेन्सर, तळाशी एक सेन्सर, दोघांच्या तारा कॉम्प्युटरला लावलेल्या मोजणीच्या कार्डात, आणि पडद्यावर दोन रेघा. वरची लाल, तळाची निळी. वर ऊब, खाली गारवा हे शेंबडं पोरही सांगेल, म्हणजे रेघांत अंतर हवं. आज मात्र सकाळपासून निळी लालच्या अंगावर रेलून चालली होती.

थोरलीने आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला, कारण त्याची निम्मी दुखणी तेवढ्यानेच बरी होतात. मग सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. केबल बदलली, अर्थिंग पाहिलं, विजेला शिव्या घातल्या. शेवटी तळाचा सेन्सरच बदलावा म्हणून तिने त्याची तार कार्डातून उपसली. रेघेला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तिने वरचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवला. लाल रेघ सरसर खाली आली, आणि जिला आता तारच नव्हती ती निळीही तिच्या मागोमाग निमूट खाली उतरली.

थोरली खुर्चीत बसली.

कार्ड स्वस्तातलं होतं. त्याच्या आत मोजणारा एकच, तो ओळीने एकेका तारेच्या जागेपाशी, म्हणजे चॅनेलपाशी जातो. एकाच चमच्याने सगळी भांडी चाखत जावं आणि एखादं रिकामं निघालं तर चमच्याला आधीच्याच भांड्याची चव यावी, तसला प्रकार. कार्ड घेताना धाकटी हेच सांगत होती. प्रत्येक तारेला वेगळा मोजणारा असतो ते कार्ड घेऊ म्हणत होती. हौसेला मोल नसतं, पण कार्डाला असतं, असं म्हणून थोरलीने तो विषय संपवला होता.

तिने हातातली तार चिमटीत वाकवून पाहिली. वरून धडधाकट होती. आतलं तांबं तुटलेलं होतं, मनात येईल तेव्हा टेकत होतं, मनात येईल तेव्हा सुटत होतं. ही तार धाकटी इथे काम करायची तेव्हाचीच.

त्या वेळी धाकटीच्या चाचणीत दोन्ही रेघा अशाच एकीवर एक बसल्या होत्या. त्यात त्या दिवशी तिला मैत्रिणींबरोबर बाहेर जायचं होतं, सकाळपासून तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. थोरलीने दोन्हीकडचे आकडे शेजारी लावले आणि जागच्या जागी निकाल दिला. हिने तळाचा सेन्सर लावायचा कंटाळा केला आणि वरचेच आकडे खाली चिकटवले. शाळेत असताना ही थोरलीच्या वहीतून गणितं उतरवायची, तेही तेव्हाच उकरून निघालं. दोन्ही तारा मी लावल्या होत्या, असं धाकटी पुन्हा पुन्हा सांगत राहिली. एकदा कार्ड बघ तरी, असंही म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं, थोरलीने ऐकवलं. मग जे बोलू नये तेही बोलून गेली.

"यात लोक औषधं ठेवणार आहेत. खोटं बोलणारं माणूस मला इथे नको, मग ती सख्खी बहीण का असेना."

धाकटी दुसऱ्या गावी नोकरीला लागली. आईशी तासभर बोलायची, थोरलीने फोन घेतला की हो आणि नाही. जरा पडतं घे, असं आई म्हणायची. चूक तिची आणि नाक मी घासू का, असं थोरली म्हणायची.

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि खटलासुद्धा न चालवता. आज स्वतःच्या चाचणीत तीच खोड निघाली तेव्हा थोरलीने केबलवर संशय घेतला, सॉफ्टवेअरवर घेतला, विजेवर घेतला. आपणच आकडे चिकटवले असतील, असं काही तिच्या मनात आलं नाही. तिला स्वतःची लाज वाटली. रडूही आलं. पण रडता रडता तिला हलकंही वाटू लागलं, कारण आता पुरावा हातात होता आणि धाकटीला परत आणायची वाट मोकळी झाली होती.

तिने फोन लावला आणि तार, बर्फ, रेघ असं सगळं भडाभडा सांगितलं. धाकटीने मध्येच एक-दोन प्रश्न विचारले, तेही कामाचे. रिकामं चॅनेल अर्थला जोडून ठेव, म्हणजे निदान दुसऱ्याची नक्कल करणार नाही, असंही समजावलं. तो जुना, शहाणपणाचा सूर ऐकून थोरलीचा जीव भांड्यात पडला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "तुझं टेबल तसंच आहे. कार्ड तू म्हणशील ते घेऊ. परत ये."

मग ती घाईघाईने पुढे बोलली. "अगं, आता शंकेला जागाच नाही. मी स्वतः तार उपसून, बर्फात घालून, सगळं तपासून पाहिलं. तू खरंच बोलत होतीस."



"तपासावं लागलं ना, ताई, तुला," धाकटी म्हणाली.