आधी काढलेले डोळे

अरे, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. केतकी कॉमिक्सची चित्रं काढते, पण घर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. डोळे सगळ्यात शेवटी आखायचे, ही तिकडची रीत. डोळे आले की मूर्ती बघायला लागते म्हणतात. कॉमिक्समध्येही ती तेच पाळायची.

परवा संपादकांचा फोन आला, "मॅडम, काजळ्याला आज मारायचंच. संध्याकाळपर्यंत शेवटचं पान नाही आलं तर मालिका दुसऱ्याकडे जाईल." गडबडीत तिने त्या खलनायकाचे डोळे आधीच काढले. नायक त्याला कड्यावरून ढकलतोय, असं चित्र. नायकाचे डोळे तेवढे राहिले.

चहा घेऊन आली, तर काजळ्या नायकाकडे बघतच नव्हता. तिच्याकडे बघत होता. ती खिडकीशी सरकली, तर बुबुळंही सरकली. डोळ्याखाली ओल दिसली, तिने बोट लावलं. शाई वाळलेली, पण बोटाला कोमट पाणी लागलं.

"त्याचे डोळे नको काढूस," कागदातून हळूच आवाज आला.

ब्रश शाईत बुडलेला, नायकाचे डोळे कोरे, दारात पान न्यायला आलेला माणूस बेल वाजवत होता. डोळे काढले की नायक बघणार, बघितलं की ढकलणार.

तू काय केलं असतंस?