सहाचे दोन

"पुन्हा दोन?" सरांनी आलेख टेबलावर टाकला. "दोन वर्षं झाली, तुझी गाडी दोनच्या पुढे सरकेना."

विद्यार्थिनी उभीच राहिली. प्लॅटिनमच्या चकतीवर कार्बन मोनॉक्साइडचे रेणू बसवायचे, लेसरच्या एका झोताने त्यांना थरथरवायचं आणि दुसऱ्या झोताने ती थरथर किती टिकते ते मोजायचं, हे तिचं काम. सेकंदाचे एक लाख कोटी तुकडे केले, तर त्यांतले दोन. सरांनी बारा वर्षांपूर्वी सहा मोजले होते. त्या सहावरच त्यांचं सगळं नाव उभं होतं.

"अकरा वेळा मोजलं सर. चकती स्वच्छ होती."

"हाताला वळणच नसेल, तर एकशे अकरा वेळा मोजून काय होणार? हा प्रबंध मी पुढे पाठवणार नाही."

तिची कानशिलं तापली.

"मग तुम्ही मोजून दाखवा. आत्ता. मी कशालाही बोट लावत नाही."

सर हसले. कोट काढून ते प्रयोगाच्या खोलीत गेले. चकती ज्या निर्वात पेटीत असते ती पेटी आणि तिच्यातली हवा ओढणारा पंप सांभाळणारे मिस्त्री तिथेच होते. मुलं त्यांना पंपकाका म्हणत. सरांनी चकती स्वतः साफ केली, आरसे स्वतः जुळवले. ती हात मागे बांधून भिंतीला टेकून उभी राहिली.

चार तासांनी पडद्यावर रेष चढली आणि उतरली. दोन.

सरांनी पुन्हा मोजलं. दोनच.

"यंत्र बिघडलंय," सर म्हणाले. "मिस्त्रींना बोलवा."

"मी इथेच आहे," पंपकाका म्हणाले. "यंत्र ठणठणीत आहे. बिघडलं होतं ते तुमच्या सहाच्या वेळी. पंप गळत होता, चकतीवर मळ धरत होता. मळावर बसलेला रेणू धातूला नीट टेकत नाही, म्हणून जास्त वेळ थरथरतो. हे तुम्हीच मला शिकवलंत. तेव्हाच मी येऊन तुम्हाला सांगितलं होतं."

"तुम्ही फक्त पंपाचं बघा."

"तेच बघत होतो, सर."

ती भिंतीपासून पुढे आली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती सरांना म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण शब्द जड येत होते. "माहीत असून दोन वर्षं माझ्या हातांना नावं ठेवलीत."

सरांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. पडद्यावरची रेष होती तशीच होती.

तिने नोंदवही ओढली. तारीख लिहिली, वेळ लिहिली. 'निष्कर्ष' या रकान्यात दोन लिहिले. 'मोजणारे' या रकान्यात सरांचं संपूर्ण नाव, पदव्यांसकट, सावकाश लिहिलं.

मग वही त्यांच्यासमोर सरकवून तिने पेन पुढे धरलं.