डॉक्टरांच्या गळ्यातला क्रूस

लातूर जिल्हा नवा झाला आणि बसवराज त्याचा नवा पुढारी. गावच्या दवाखान्याला वारलेल्या डॉक्टर पास्कल तुस्कानोंचं नाव द्यायला आज मंत्री येणार होते. पेंटरनं डॉक्टरांचं हुबेहूब चित्र आणलं, तर बसवराज त्याच्यावरच भडकला.

"गळ्यातला क्रूस पुस आधी! लोकायला वाटंल, समदं गाव बाटलं."

पेंटरनं ब्रश फिरवला. क्रूस गेला.

बसवराजची आई शरणम्मा बघत होती. म्हणाली, "बसू, दुष्काळात तुझं पोट फाडायची येळ आली. नर्स म्हणली, पोराच्या गळ्यातलं लिंग काढा. मी रडाया लागले. आपल्या लिंगायतात जित्या माणसाच्या अंगावरून लिंग निघत न्हाई. डॉक्टर म्हणले, आव्वा, रडू नका. त्यायनी सोताच्या हातानं ते तुझ्या दंडाला बांधलं, मगच सुरी घेतली."

बसवराजची मान खाली गेली.

पेंटरनं हळूच विचारलं, "सायेब, क्रूस परत रंगवू का?"

तेवढ्यात बाहेर मंत्र्यांची गाडी थांबली. बसवराजनं घाईघाईनं हार उचलला, चित्राला घातला आणि पुसलेली जागा तेवढी नीट झाकली.