सकाळची फुंकर

दारू पिऊन गाडी चालवताना व्हर्लिन सापडला, तेव्हा विस्कॉन्सिनच्या कोर्टाने त्याला गाडीत श्वास तपासणारं यंत्र बसवायला लावलं. नळीत फुंकायचं; श्वासात दारू असेल तर गाडी सुरूच होत नाही. चीजच्या कारखान्यातली त्याची नोकरी जाऊ नये म्हणून रोज सकाळी त्याच्याऐवजी बायको, आर्डिस, फुंकायची. आताशा दोघं त्यावर बोलतही नसत.

आज तिने फुंकलं आणि लाल दिवा लागला. पुन्हा फुंकलं, पुन्हा लाल.

"थंडीनं बिघडलं असेल," काचेवरच्या बर्फाकडे बघत ती म्हणाली.

"असेल," म्हणत व्हर्लिनने तिच्या हातातली नळी घेतली.



त्याने फुंकलं आणि गाडी पहिल्याच खेपेला सुरू झाली.